पाण्यावरचा पांढरा डाग

"कायतरी हाय बघा ह्यात."

हे वाक्य कानावर आलं की मी हातातलं काम खाली ठेवायचो. मामा चष्मा कपाळावर सरकवायचे आणि उघडा डोळा कॉम्प्युटरच्या पडद्याला इतका भिडवायचे, की पडद्यावर नाकाच्या शेंड्याचा तेलकट ठिपका उमटायचा. मी रोज सकाळी तो पुसायचो. दुपारपर्यंत तो परत हजर.

शिवाजी पेठेत माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, तालमीचे फ्लेक्स, फुटबॉलच्या सामन्यांच्या जाहिराती, आणि वाढदिवसाचे ते बोर्ड, ज्यांच्यावर वाढदिवसवाला एक आणि शुभेच्छा देणारी डोकी पन्नास. मामा माझ्याकडे प्रुफं तपासायला होते. गल्लीतच राहायचे. सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणते. नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर ते हे वाचायला घेतील, आणि वाचलं की दुसऱ्या ओळीत चूक काढतील.

प्रुफं तपासणाऱ्याला संशय लागतोच, पण मामांचा संशय कागदावर थांबायचा नाही. दुकानाचं कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायचे आणि परत येऊन ते ओढून बघायचे. रिक्षात बसले की रिक्षावाल्याला "ब्रेक लागतोय न्हवं?" म्हणून विचारायचे. एकदा रिक्षावाल्यानं त्यांना मधेच उतरवलं होतं. बायको गेल्यापासून हे फारच वाढलं होतं. एकुलती एक लेक, वैशाली, मलकापूरच्या पुढं एका खेड्यात दिलेली. तिला सकाळ-संध्याकाळ फोन. "जेवलीस का? पाय घसरंल असं कुठं जाऊ नगंस. गॅस बंद केलास का?" तिकडून वैशालीचं उत्तर ठरलेलं, आम्हालाही पाठ झालेलं. "सगळं बेस हाय आबा."

अशा माणसाला आपण खरं सांगतो का? तुमच्याही घरात असं एखादं माणूस असेल, तुम्हीच सांगा. आम्ही मामांना काहीच सांगायचो नाही. कटिंग मशीनची वायर जळाली, तर वास आलाच नाही म्हणायचं. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा मी घरच्यांना सांगून ठेवलं होतं, मामांनी विचारलं तर गोव्याला गेलोय म्हणायचं. टाके ओले असतानाच मी दुकानात येऊन बसलो, तर मामा म्हणाले, "काजू आणलं न्हाईसा व्हय?" हसू आलं आणि टाक्यांनी जीव काढला.

तर, पाण्याचं वेड कसं लागलं ते सांगतो.

एका लग्नपत्रिकेवर कार्यालयाला जायचा रस्ता काढून द्यायचा होता. मी इंटरनेटवरचा नकाशा उघडला आणि उपग्रहावरून काढलेलं चित्र लावलं. वरून घेतलेलं कोल्हापूर! मामा उडालेच. आपलं घर, तालीम, मैदान सगळं बोट ठेवून बघितलं. मग बोट सरकत सरकत पंचगंगेवर आलं आणि थांबलं.

"कायतरी हाय बघा ह्यात."

खरंच होतं. नदीच्या मधोमध काळे ठिपके, एकामागं एक, आणि प्रत्येकाच्या मागं पाण्यावर फाकत गेलेल्या दोन पांढऱ्या रेघा. मामांचा आवाज खाली गेला. "मगर. एक न्हाय, कळप हाय."

पंचगंगेत मगर दिसल्याची बातमी अधूनमधून येतेच, त्यामुळं कुणी हसलं नाही. संध्याकाळपर्यंत ते चित्र पेठेतल्या सगळ्या मोबाईलवर पोचलं. पोहायला जाणारी पोरं घाटावरून परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक गवळी माझ्या दुकानात शिरला, हातातली काठी तशीच.

"कुठं हाय तो मगरवाला? माझ्या म्हशीला मगर म्हणतोय व्हय?"

त्याच्याच म्हशी होत्या. रोज सकाळी पोहत पलीकडं जायच्या. त्यानं पडद्यावर बोट ठेवून पुढची म्हैस नावानिशी ओळखली. दिवाळीला शिंगं रंगवून, मोरपीस लावून जिला मिरवतात तीच म्हणे ती. मामांनी हात जोडले. पण गवळी गेल्यावर मला हळूच म्हणाले, "म्हशी तर म्हशी. चित्रात होतं ते खरंच निघालं न्हवं? कायतरी हाय म्हणलं, कायतरी निघालं."

तिथून माणूस सुटला. प्रुफं संपली की तळी, धरणं, नद्या. रस्त्यांकडं बघायचे नाहीत, डोंगरांकडं नाही. फक्त पाणी. कळंब्याच्या तलावावर हिरवं वेटोळं दिसलं, ती वाऱ्यानं गोळा झालेली जलपर्णी निघाली. एका धरणाच्या पाण्यावर चौकोनांची रांग दिसली, ते मासे पाळायचे पिंजरे होते. प्रत्येक वेळी मामा आधी घाबरायचे, मग चौकशी करायचे, मग उत्तर मिळालं की मोठा श्वास सोडायचे. मला वाटायचं, बरं आहे, म्हाताऱ्याला उद्योग मिळाला.

"पाण्यावरच का हो मामा?" मी एकदा विचारलं.

"जमीन बघून काय कळतंय? पाण्यात आत काय बी चाललेलं असलं तरी वर उमटतंय." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि ह्ये वरनं बघणारं मशीन मला वळखत न्हाय. ह्याला म्हाईत न्हाय की मी काळजी करतो. त्यामुळं ह्ये काय लपवत न्हाय."

मी चहा मागवला आणि विषय बदलला. वाक्य मात्र टोचलं. म्हणजे म्हाताऱ्याला सगळं कळत होतं तर.

मग एप्रिलात त्यांना तो डाग सापडला.

वैशालीचं गाव एका लहान तलावाच्या बांधाखाली आहे. मातीचा बांध, वर पाणी, खाली घरं. मामांनी ते गाव आधी कितीतरी वेळा बघितलं होतं, पण त्या दिवशी त्यांनी मला हाक मारली नाही. "कायतरी हाय" पण म्हणाले नाहीत. मीच उठून मागं उभा राहिलो. बांधाच्या डाव्या कोपऱ्याशी पाण्यावर पांढरट डाग होता, काठापासून पंख्यासारखा पसरलेला. मामांनी जुन्या वर्षांची चित्रं काढली. तिथंही डाग. नव्या चित्रात मोठा, जुन्यात बारका, पण जागा तीच.

"गळती हाय," ते म्हणाले. "बांधाखालनं पाणी चाललंय. म्हणून वर गढूळ हुतंय."

"काही नसतं हो मामा. ऊन पडलं असेल पाण्यावर."

"प्रत्येक वर्षी? त्याच जागी?"

मी चित्र मोठं करून परत बघितलं. आणि खरं सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची भीती माझ्या अंगात उतरली. कारण वैशाली पोटुशी होती. आधी दोनदा पोट पडलेलं. आता चौथा महिना संपत आला होता, डॉक्टरांनी वजन उचलू नको, वाकू नको म्हणून बजावलेलं. तिची सासू लकवा होऊन अंथरुणाला खिळलेली, नवरा रत्नागिरीकडं डंपरवर, आठवड्यानं घरी येणारा. पावसाळा तोंडावर आलेला. त्या भागात पाऊस कोसळायला लागला की थांबत नाही. बांध फुटला तर पळणार कोण, आणि कुणाला घेऊन?

मामा पाटबंधाऱ्याच्या कचेरीत जाऊन आले. तिथले साहेब चांगले होते, चहा दिला, चित्र बघितलं, म्हणाले, "काळजी करू नका, बांध मजबूत आहे." गावच्या सरपंचाला फोन केला, तोही म्हणाला, "सगळं व्यवस्थित हाय मामा." वैशालीला म्हणाले, "सासूला घिऊन हिकडं ये." ती हसली. "आबा, त्यांना कूस वळवायला दोन माणसं लागत्यात. आणि हितं सगळं बेस हाय. घरात नळ हाय, कपड्याला मशीन घेतलंय. मी नुसती बसून असते."

फोन ठेवून मामा माझ्याकडं वळले. चेहरा उतरलेला, पण आवाज चढलेला. मामांचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला. "सगळी बेस म्हणत्यात. साहेब बेस, सरपंच बेस, लेक बेस, तुमी बी बेस. मला बेस सांगायची सवय लागलीया सगळ्यांना! उद्या घर वाहून चाललं तरी मला फोनवर बेसच सांगतील."

मामांनी प्रुफं खाली ठेवली. जेवणाचा डबा त्या दिवशी उघडला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तीन ओळींच्या जाहिरातीत त्यांनी चूक सोडली. मग मात्र मी गाडीची किल्ली घेतली. म्हटलं, चला, डोळ्यांनी बघून येऊ आणि मिटवून टाकू एकदाचं.

मे महिन्यातलं ऊन. वाटेत मामा मांडीवर पाण्याची मोठी बाटली धरून बसले होते. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही त्यांच्या घरातली रीत. लग्नाला सहा वर्षं झाली तरी ते तिथं उंबऱ्यावर टेकून, आपल्याच बाटलीतलं पिऊन परत यायचे. मला ही रीत कधी पटली नाही. पण त्यांना सांगणार कोण?

आम्ही घरी न जाता सरळ बांधावर गेलो. मामा माझ्या पुढं, जवळजवळ पळत. डावा कोपरा आला आणि ते थबकले.

खाली दगडांची ओळ होती. बायका धुणं धूत होत्या. धोपटण्याचे आवाज येत होते. साबणाचा फेस काठाला दाटला होता आणि वाऱ्यानं पाण्यावर पसरत चालला होता, पांढरा, पंख्यासारखा. माती तुडवून तुडवून पाणी गढूळ झालेलं. गळती नाही, काही नाही. गावाचा धुण्याचा घाट!

मी मोठ्यानं हसलो. काय करू, इतक्या दिवसांचं ओझं उतरलं होतं. "बघा मामा! म्हशी झाल्या, आता बायका!" असं काहीतरी बोललोही. मामा हसले नाहीत. ते शेवटच्या दगडाकडं बघत होते.

तिथं एक पोरगी पदर खोचून, वाकून, भिजलेली वाकळ दगडावर आपटत होती. जुन्या लुगड्यांची ती जाड गोधडी भिजली की गड्यालाही हलत नाही. दर आपटण्याला तिचा एक हात पोटाखाली जायचा. ती वैशाली होती.

तिनं वर बघितलं. "आबा? तुमी कवा आलासा?" आणि लगेच, कुणी न विचारता, "आजच आलीया हो मी. रोज न्हाय येत."

शेजारची म्हातारी सरळ मनाची. तिला काय माहीत. ती म्हणाली, "अगं, रोज तर येतीस की! सासूचं हातरुण रोज भिजतंय, तू न्हाय धुवायचं तर कुणी धुवायचं?"

मामा खाली उतरले, पायातल्या चपलांसकट पाण्यात गेले आणि तिच्या हातातली वाकळ घेतली.

घरी गेल्यावर बोलणं झालं. मी दारात उभा होतो, ऐकू नये असं वाटूनही ऐकत होतो.

"नळ हाय म्हणालीस."

"हाय की नळ. पाणी येत न्हाय त्याला, तवा."

"आणि मशीन?"

"मशीन कुठनं येणार आबा?"

"मग मला का सांगितलं न्हाईस?"

वैशाली खाली बघून म्हणाली, "सांगून काय झालं असतं? तुमाला झोप लागली असती का? मला हितनं तुमची काळजी लागली असती. दोन्हीकडनं काळजी मी कुठं ठेवू?"

आयुष्यभर ज्या माणसानं लेकीच्या जिवाचा घोर घेतला, त्याच घोरापायी लेकीनं त्याच्यापासून सगळं लपवलं होतं. चित्रात दिसत होतं ते खरं होतं, आणि त्याचं कारण त्यांनी भलतंच लावलं होतं. हे त्यांना कळलं, आणि मला त्यांच्याकडं बघवेना. मग ते उठले. चुलीजवळच्या घागरीतून तांब्या भरून घेतला आणि उभ्या उभ्या प्यायले. वैशालीनं तोंडाला पदर लावला.

परतताना मी गाडी सुरू केली तरी ते आले नाहीत. खिडकीशी येऊन म्हणाले, "तुमी जावा. प्रुफं दुसऱ्या कुणाकडनं बघून घ्या."

दुकानाचे हाल सांगू नयेत असे झाले. एका पत्रिकेत नवरदेवाच्या नावामागं चि. सौ. कां. छापून गेलं. नवरदेवाचा बाप माझ्या अंगावर धावून आला. मी नवा माणूस ठेवला, शिकलेला, चुणचुणीत. पण त्याला कसली शंकाच येत नाही. शंका न येणारा प्रुफं काय तपासणार, कपाळ?

श्रावणात एका दुपारी मामांचा नवा चष्मा द्यायचं निमित्त करून मी तिकडं गेलो. पाऊस उघडला होता. घरी सासूबाईंजवळ शेजारीण बसली होती, तिनं बांधाकडं हात केला.

तलाव काठोकाठ भरलेला. मामा विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे, आजूबाजूला सगळ्या बायका. त्या त्यांची थट्टा करत होत्या आणि मामा कुणाचा साबण कुठं राहिला ते सांगत होते. वैशाली वर दगडावर बसलेली. आठवा महिना. तिला पाण्यात पाय घालायची बंदी होती म्हणे.

"बांध बघितला का?" मी चिडवायला विचारलं.

"रोज बघतो," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "सगळा पायानं फिरून बघतो. या, धरा ह्ये टोक. वाकळ एकट्याला पिळवत न्हाय."

मी बूट काढले आणि पाण्यात उतरलो. मामा एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, उलटा पीळ देत गेलो. माझ्या दंडाला कळ लागली आणि मनात आलं, ही पोरगी हे रोज एकटी करत होती.

"आबा," वैशाली वरून म्हणाली.

"काय गं?"

"सकाळधरनं पोटात दुखालंय. आधी थांबून थांबून दुखत हुतं. आता थांबंना झालंय."

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "काही नसतं, ऊन लागलं असेल." मामांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं होतं, हा माणूस आता हातपाय गाळणार, रिक्षाच्या ब्रेकला घाबरणारा माणूस हा. ते लेकीकडं बघत होते.

"रक्त गेलंय का?"

"थोडं."

"बरं केलंस सांगितलंस," मामा म्हणाले. त्यांनी वाकळेचं आपलं टोक माझ्या हातात दिलं, ओले हात सदऱ्याला पुसले आणि वर चढून गेले. मी त्या जड, गळणाऱ्या वाकळेसकट गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. शेवटी बायकांनीच ती माझ्याकडून ओढून घेतली, म्हणाल्या, "गाडी काढा की भाऊ, बघत काय बसलाय!"

मलकापूरच्या दवाखान्यापर्यंत मागच्या सीटवर तिचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. दर वळणाला ते विचारायचे, "आता?" आणि ती सांगायची, "आता जास्त हाय." "आता जरा कमी." "आबा, भ्या वाटतंय." "मला बी," असं मामा म्हणाले. आरशात बघायची माझी हिंमत झाली नाही. मी नुसती गाडी हाकत होतो.

मामा आता तिकडंच असतात. दुकानात त्यांची खुर्ची कुणी घेत नाही आणि पडदा मला पुसावा लागत नाही. त्या दिवशीच मुलगी झाली, बारकी, हाताच्या ओंजळीत मावेल एवढी. पुष्कळ दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली. आता आई आणि लेक, दोघी सुखरूप आहेत. तुम्हाला धीर द्यावा म्हणून म्हणत नाही, खरंच आहेत.